‘राइट’ सिस्टीम कॉल : शब्दाला पक्का, पण शब्द मोजकाच

युनिक्स आणि त्याच्या वळणावर घडलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर फाइलमध्ये माहिती लिहिण्याची सर्वांत खालच्या पातळीवरची सोय म्हणजे ‘राइट’ हा सिस्टीम कॉल (ऑपरेटिंग सिस्टीमकडे केलेली थेट विनंती). प्रोग्रॅम कोणत्याही भाषेत लिहिलेला असो, त्याचे बहुतेक सगळे लेखन शेवटी याच दारातून कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, हाती जाते. तरीही या सोयीचे परीक्षण सहसा कोणी करत नाही. लायब्ररी, डेटाबेस आणि फ्रेमवर्क यांच्या गुणदोषांवर पानेच्या पाने लिहिली जातात, पण ज्यावर ते सगळे उभे आहे त्या कॉलविषयीची समजूत बहुधा पाठ्यपुस्तकातील एका उदाहरणापुरतीच उरते. माझे मत आधीच सांगतो. हा कॉल जेवढे आश्वासन देतो तेवढे चोख पाळतो, मात्र ते आश्वासन त्याच्या नावावरून वाटते त्यापेक्षा बरेच लहान आहे आणि वापरणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या तफावतीत आहे.

वय पाहता या कॉलची प्रकृती ठणठणीत म्हणावी लागेल. बेल लॅब्जमध्ये १९७१ साली युनिक्सची पहिली आवृत्ती आली तेव्हा सिस्टीम कॉलच्या यादीत ‘राइट’चा क्रमांक ४ होता, आणि ३२ बिटी इंटेल प्रोसेसरवरील लिनक्समध्ये तो आजही ४ च आहे. ६४ बिटी इंटेल आणि एएमडी प्रोसेसरवर तो १ झाला, एवढाच बदल. वापरण्याची रीतही जवळपास तीच राहिली आहे. उघडलेल्या फाइलचा डिस्क्रिप्टर (तिला मिळालेला ओळख-क्रमांक), बफरचा (माहिती ठेवलेल्या मेमरीतील जागेचा) पत्ता आणि किती बाइट लिहायचे तो आकडा, अशा तीन गोष्टी दिल्या की काम सुरू होते. डिस्क्रिप्टरच्या मागे डिस्कवरील फाइल आहे, दोन प्रोग्रॅमना जोडणारा पाइप आहे, नेटवर्कच्या जोडणीचे सॉकेट आहे की टर्मिनल, याने कॉलच्या रूपात काहीच फरक पडत नाही. इतक्या वेगवेगळ्या उपकरणांसाठी एकच दार ठेवण्याचा तो निर्णय अर्धशतकानंतरही जुना वाटत नाही.

या साधेपणाची दुसरी बाजू अशी की कॉलला बाइटपलीकडचे काहीही कळत नाही. ओळ म्हणजे काय, अक्षर म्हणजे काय, मजकूर कुठे संपला, यांपैकी कशाचीही त्याला कल्पना नसते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे ‘मराठी’ हा शब्द पंधरा बाइटांचा होतो आणि लिहायची संख्या पाच दिली तर ‘म’ पूर्ण व ‘र’ अर्धवट लिहून हा कॉल समाधानाने पाच हा आकडा परत करतो. सी भाषेत ४०९६ बाइटांचा बफर घेऊन त्यात वीस अक्षरे भरायची आणि संख्येच्या जागी बफरचा पूर्ण आकार द्यायचा, हा नवशिक्यांच्या प्रोग्रॅममध्ये हमखास आढळणारा प्रकार. त्यात उरलेल्या जागेत मेमरीतील जे काही शिळे पडलेले असेल तेही फाइलमध्ये जाते. पूर्ण स्ट्रक्चर, म्हणजे अनेक मूल्यांचा एकत्र गट, जसेच्या तसे लिहिल्यास सदस्यांमधील रिकाम्या बाइटांचे असेच होते, शिवाय दुसऱ्या रचनेच्या यंत्रावर बाइटांचा क्रम उलटा निघू शकतो तो वेगळाच. याबद्दल कॉलला दोष देता येत नाही, कारण त्याने सांगितलेले तंतोतंत केलेले असते.

परत मिळणारा आकडा हा या सेवेचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. कॉल फसला तर उणे एक मिळतो आणि कारण ‘एररनो’ या चलात ठेवले जाते. फसला नाही तर प्रत्यक्षात स्वीकारलेल्या बाइटांची संख्या मिळते, आणि ती मागितलेल्या संख्येपेक्षा कमी असू शकते. समजा डिस्क भरत आली आहे आणि आपण ८१९२ बाइट लिहायला दिले, पण जागा ४०९६ बाइटांचीच उरली आहे. अशा वेळी पहिला कॉल उणे एक देत नाही. तो ४०९६ हा आकडा देतो, म्हणजे रूढ अर्थाने यशस्वी होतो, आणि ‘जागा शिल्लक नाही’ ही एरर उरलेला भाग पुन्हा द्यायला गेल्यावरच कळते. ज्या प्रोग्रॅममध्ये केवळ उणे एकची तपासणी असते, त्याच्या लेखी सगळे सुरळीत पार पडलेले असते आणि फाइल मात्र अर्धी असते. सॉकेट आणि पाइप यांवर, विशेषतः ते नॉन-ब्लॉकिंग (वाट पाहत न थांबणारे) असतील तेव्हा, असे अर्धवट लेखन रोजचेच असते. लिनक्सवर तर डिस्क रिकामी असली तरी एका कॉलमध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,७९,५५२ बाइटच जातात, म्हणजे दोन गिगाबाइटांना थोडे कमी, आणि ही मर्यादा ६४ बिटी यंत्रावरही लागू आहे. मोठी फाइल एका दमात लिहू पाहणारा प्रोग्रॅम म्हणूनच नेमका मोठ्या फाइलवर अडखळतो आणि चाचणीतल्या छोट्या फाइलींवर कधीच अडखळत नाही.

उपाय सरळ आहे. लूप लावायचा, जितके बाइट गेले तितका पत्ता पुढे सरकवायचा, आणि संकेत (सिग्नल) आल्यामुळे कॉल मध्येच तुटला असेल तर तो पुन्हा द्यायचा. हे दहा ओळींचे काम प्रत्येकाने नव्याने का करावे, हा प्रश्न रास्त आहे. रस्टने त्यासाठी ‘राइट ऑल’ ही वेगळी सोय दिली, गो भाषेतील फाइलचे लेखन हा लूप आतच चालवते, पायथनने ३.५ या आवृत्तीपासून संकेतामुळे तुटलेला कॉल आपणहून पुन्हा देण्याची व्यवस्था केली. सी लायब्ररीच्या मानक संचात मात्र थेट डिस्क्रिप्टरवर पूर्ण लेखन करणारे फंक्शन आजही नाही, ही उणीव मला खटकते.

एररच्या बाबतीत सेवा बोलकी आहे, निदान जे तिला त्याच क्षणी ठाऊक असते त्याबाबत. जागा संपली, कोटा संपला, फाइलच्या आकाराची मर्यादा ओलांडली, डिस्क्रिप्टर लेखनासाठी उघडलेलाच नव्हता, बफरचा पत्ता चुकीचा आहे, या प्रत्येकासाठी स्वतंत्र सांकेतिक क्रमांक आहे. पाइपच्या दुसऱ्या टोकाला वाचणारा उरला नसेल तर ‘सिगपाइप’ हा संकेत येतो आणि त्याची काही व्यवस्था केलेली नसेल तर प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, तिथल्या तिथे संपते. सर्व्हर लिहिणाऱ्यांना हे वागणे जाचक वाटते, पण मोठ्या यादीतून ‘हेड’ या आज्ञेने पहिल्या दहा ओळी घेऊन बाजूला होताच यादी तयार करणारा प्रोग्रॅमही थांबतो, तो याच वागण्यामुळे.

आता मुख्य मुद्दा. सामान्य फाइलवर ‘राइट’ यशस्वी झाला याचा अर्थ माहिती डिस्कवर पोहोचली असा होत नाही. कर्नल आपले बाइट पेज कॅशमध्ये, म्हणजे मुख्य मेमरीत, उतरवून घेतो, ती पाने ‘डर्टी’ म्हणून खुणावतो आणि लगेच आकडा परत करतो. धनादेश बँकेच्या पेटीत टाकल्यावर मिळणारी पोच आणि खात्यात रक्कम जमा होणे यांत जे अंतर असते तेच येथे आहे. लिनक्सच्या मूळ मांडणीत डिस्ककडे पाने धाडणारे काम दर पाच सेकंदांनी जागे होते आणि तीस सेकंदांहून जुनी झालेली डर्टी पाने लिहायला घेते. त्याआधी वीज गेली तर प्रोग्रॅमला ‘लिहिले’ असे सांगितलेली माहिती नाहीशी होऊ शकते. केवळ प्रोग्रॅम कोसळला आणि कर्नल चालू राहिला तर मात्र काही बिघडत नाही, कारण बाइट तोवर कर्नलच्या ताब्यात गेलेले असतात. हा भेद ज्याला नीट कळला त्याला या सेवेचे बरेचसे वागणे उलगडते. दुसऱ्या कोणत्याही प्रोसेसने ती फाइल वाचली तर तिला नवा मजकूरच दिसतो, हे आश्वासन पॉझिक्सने, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टीमसाठीच्या मानकाने, स्पष्ट दिले आहे आणि स्थानिक फाइल सिस्टीमवर ते पाळले जाते. ‘दिसणे’ आणि ‘टिकणे’ यांपैकी पहिल्याचीच हमी या कॉलने घेतलेली आहे.

ही रचना मी दोष मानत नाही. प्रत्येक लेखन डिस्कपर्यंत नेऊनच परतायचे ठरवले असते तर काय झाले असते याचा हिशोब अवघड नाही. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीच्या डिस्कवर एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे एकामागून एक पक्की लेखने करायची तर सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशेच्या पलीकडे जाणे कठीण. मेमरीत उतरवून घेण्याच्या युक्तीमुळे तेच काम कित्येक पटींनी जलद होते. मात्र हा वेग कायम राहील असे गृहीत धरू नये. डर्टी पानांचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेजवळ गेले, की कर्नल लिहिणाऱ्या प्रोसेसलाच रोखून धरू लागतो आणि इतका वेळ क्षणात परतणारा तोच कॉल अचानक रेंगाळतो. मोठी फाइल पेन ड्राइव्हवर टाकताना सुरुवातीला भराभर सरकणारी पट्टी पुढे गोगलगाईसारखी का होते, याचे उत्तर बहुधा येथेच असते.

माहिती टिकावी अशी खरोखर गरज असेल तर ‘एफसिंक’ हा वेगळा कॉल द्यावा लागतो. फाइलचा मजकूर आणि तो परत वाचण्यापुरती आवश्यक नोंद एवढेच पुरत असेल तर ‘एफडेटासिंक’ थोडा स्वस्त पडतो. फाइल उघडतानाच ‘ओ सिंक’ किंवा ‘ओ डीसिंक’ हा झेंडा लावला तर प्रत्येक ‘राइट’ पक्का होऊनच परततो. ‘क्लोज’ या कामाला येत नाही. फाइल बंद केली म्हणजे ती डिस्कवर गेली, हा समज चुकीचा आहे. मॅकओएसवर आणखी एक पायरी आहे, कारण तेथील ‘एफसिंक’ माहिती ड्राइव्हकडे सोपवतो पण ड्राइव्हच्या स्वतःच्या कॅशमधून ती पुढे ढकलण्याची खात्री देत नाही, आणि त्यासाठी ‘एफ फुलएफसिंक’ ही वेगळी विनंती करावी लागते.

माझी खरी तक्रार या उधारीच्या व्यवहारात एरर उशिरा कळण्याबद्दल आहे. ‘राइट’ने होकार दिलेला असतो, काही सेकंदांनी डिस्क नकार देते, आणि तो नकार सांगायला कर्नलकडे तो मूळ कॉल उरलेला नसतो. मग ती बातमी पुढच्या ‘एफसिंक’च्या गळ्यात बांधली जाते. २०१८ साली पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसच्या विकासकांमध्ये यावरून मोठी चर्चा झाली. ‘एफसिंक’ एकदा फसल्यावर लिनक्स त्या पानांवरची ‘डर्टी’ खूण काढून टाकू शकतो, त्यामुळे तोच कॉल पुन्हा दिला तर तो यशस्वी होतो आणि माहिती मात्र डिस्कवर नसते, हे तेव्हा ठळकपणे पुढे आले. त्याहून जुन्या कर्नलमध्ये तर एकाच फाइलवर काम करणाऱ्या दोन प्रोसेसपैकी जिने आधी विचारले तिलाच एरर कळण्याचा संभव होता. लिनक्स ४.१३ मध्ये ही नोंद ठेवण्याची पद्धत सुधारली, तरी ‘फसल्यास पुन्हा प्रयत्न करा’ हा नेहमीचा शहाणपणा येथे चालत नाही तो नाहीच. पोस्टग्रेस्क्यूएलने २०१९ च्या फेब्रुवारीतील आवृत्त्यांपासून ‘एफसिंक’ फसताच सर्व्हर थांबवून लॉगवरून (आधी लिहून ठेवलेल्या बदलांच्या नोंदींवरून) पुनर्प्राप्ती करण्याचा कठोर मार्ग पत्करला. इतक्या जुन्या आणि इतक्या वापरल्या गेलेल्या सोयीत हा कोपरा इतकी वर्षे अंधारात राहावा, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

याच्याच जवळचा प्रश्न जुन्या फाइलच्या जागी नवा मजकूर ठेवण्याचा. फाइल उघडताना ती रिकामी करायची आणि मग लिहायचे, या पद्धतीत रिकामी करणे आणि लिहिणे यांच्यामध्ये वीज गेली तर जुनेही जाते आणि नवेही मिळत नाही. म्हणून त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाची फाइल करावी, तीत पूर्ण लेखन करावे, ‘एफसिंक’ द्यावा, मग ‘रिनेम’ने ती जुन्या नावावर आणावी आणि शेवटी त्या फोल्डरवरही ‘एफसिंक’ द्यावा, अशी शिस्त आहे. मधला ‘एफसिंक’ गाळणाऱ्या प्रोग्रॅमना २००९ च्या सुमारास ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीमवर शून्य बाइटांच्या फाइली मिळू लागल्या, कारण ती फाइल सिस्टीम डिस्कवरील जागा ठरवण्याचे काम लांबणीवर टाकत होती. पुढे अशा ‘रिनेम’पूर्वी मजकूर आधी उतरवण्याची सवलत ईएक्सटी४ मध्ये घातली गेली. ती सवलत आहे, नियम नव्हे, म्हणून तिच्या भरवशावर राहू नये.

वेगाबद्दल थोडे. प्रत्येक ‘राइट’साठी प्रोसेसला कर्नलमध्ये जाऊन यावे लागते. ही ये-जा नॅनोसेकंदांच्या हिशोबातली असली तरी फुकट नाही, आणि २०१८ च्या जानेवारीत उघड झालेल्या मेल्टडाउन या त्रुटीवरील उपायांनंतर बऱ्याच प्रोसेसरवर ती आणखी महाग झाली. एक मेगाबाइट मजकूर एकेक बाइट करून लिहिला तर दहा लाखांहून अधिक फेऱ्या होतात, तोच ६४ किलोबाइटांच्या तुकड्यांत लिहिला तर सोळा. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर ‘प्रिंटएफ’ने शंभर ओळी छापणारा छोटा प्रोग्रॅम सिस्टीम कॉल दाखवणाऱ्या ‘एसट्रेस’खाली चालवून पाहावा. टर्मिनलवर छापताना प्रत्येक ओळीसाठी एक ‘राइट’ दिसतो. त्याच प्रोग्रॅमचे आउटपुट फाइलकडे वळवले की सगळ्या ओळी लायब्ररीच्या बफरमध्ये साठतात आणि बफर भरल्यावर किंवा प्रोग्रॅम संपताना एखाद-दुसऱ्या कॉलमध्ये बाहेर पडतात. म्हणूनच कोसळलेल्या प्रोग्रॅमच्या लॉग फाइलमध्ये नेमक्या शेवटच्या, म्हणजे सर्वांत गरजेच्या, ओळी सापडत नाहीत. त्या ‘राइट’पर्यंत पोहोचलेल्याच नसतात, आणि बोल मात्र बऱ्याचदा डिस्कला लावला जातो.

लॉगसाठी हा कॉल थेट वापरण्याची शिफारस मी नि:संकोच करेन. फाइल ‘ओ अपेंड’ने उघडली की शेवटी जाणे आणि लिहिणे ही दोन्ही कामे अखंडपणे एकत्र होतात, त्यामुळे अनेक प्रोसेस एकाच फाइलमध्ये लिहीत असल्या तरी एकीचे लेखन दुसरीच्या लेखनावर पडत नाही. अट एवढीच की पूर्ण ओळ आधी बफरमध्ये जुळवून एकाच कॉलमध्ये द्यावी. तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर ‘राइटव्ही’ ते एका फेरीत नेतो. एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून वापरल्या जाणाऱ्या फाइल सिस्टीमवर, हे संरक्षण मिळत नाही, कारण त्या प्रोटोकॉलमध्ये शेवटी जोडण्याची क्रियाच नाही आणि क्लायंट ती आपल्या परीने वठवतो. पाइपच्या बाबतीत पॉझिक्सने किमान ५१२ बाइटांपर्यंतचे लेखन न मिसळण्याची हमी दिली आहे, लिनक्सवर ती ४०९६ बाइटांची आहे. ठरावीक जागी लिहिण्यासाठीचा ‘पीराइट’ अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या शाखा) असलेल्या प्रोग्रॅममध्ये फार उपयोगी पडतो, कारण तो फाइलमधील चालू जागा हलवत नाही. पण लिनक्सवर ‘ओ अपेंड’ लावलेल्या फाइलवर तो दिलेली जागा सोडून सरळ शेवटी लिहितो, जे पॉझिक्सच्या विरुद्ध आहे. मॅन्युअलमध्ये हे दोषांच्या सदरात प्रामाणिकपणे छापलेले आहे, हीच काय ती समजूत.

साध्या मजकुरासाठी, अहवालासाठी किंवा सेटिंगच्या फाइलसाठी भाषेची नेहमीची लेखनसोय पुरेशी आहे आणि तीच वापरावी. हजारो लेखने एकाच वेळी चालवायची असतील तर लिनक्स ५.१ पासून आलेला ‘आयओ युरिंग’ पाहावा. त्याची मांडणी बरीच गुंतागुंतीची आहे आणि माहिती टिकण्याचा प्रश्न तोही आपोआप सोडवत नाही. स्वतःचा डेटाबेस, लॉगर, बॅकअपचे साधन किंवा सर्व्हर लिहिणाऱ्याला मात्र ‘राइट’शी थेट ओळख टाळता येणार नाही. पाचपैकी मी या सेवेला चार तारे देतो. एक तारा उशिरा कळणाऱ्या एररसाठी कापला आहे, अर्धवट लेखनासाठी नव्हे, कारण ते पहिल्या दिवसापासून करारात लिहिलेले आहे.

निवड करण्यापूर्वी आपला प्रोग्रॅम या सेवेचे म्हणणे ऐकतो की नाही हे तपासण्याची एक फुकट सोय लिनक्समध्ये आहे. ‘/डेव्ह/फुल’ नावाच्या उपकरणावर काहीही लिहायला गेले तरी ‘जागा शिल्लक नाही’ हीच एरर मिळते. आपल्या प्रोग्रॅमचे आउटपुट तिकडे वळवावे आणि तो काय करतो ते पाहावे. एररचा संदेश देऊन शून्याव्यतिरिक्त क्रमांकाने तो बाहेर पडला तर ठीक. शांतपणे शून्य परत करून संपला, तर भरलेल्या डिस्कवरही तो असाच संपेल.